हिममानवाचा शोध : पाऊलखुणा, शब्द आणि पुरावा (१८३२ ते २०१९)

प्रस्तावना

हिमालयाच्या उंच व निर्मनुष्य पट्ट्यात दोन पायांवर चालणारा, अंगभर केस असलेला, माणसासारखा एखादा प्राणी वावरतो, ही समजूत नेपाळ, तिबेट, सिक्कीम व भूतान या प्रदेशांत फार जुनी आहे. शेर्पा लोक त्याला ‘येह-तेह’ म्हणतात. तिबेट व भूतानमध्ये ‘मिगोई’ हे नाव रूढ आहे. सिक्कीममधील लेपचा लोक ‘चू मुंग’ या हिमप्रदेशातील देवतेला शिकारीचा व वन्य पशूंचा स्वामी मानून पूजत आले आहेत. मराठी वाचकाला हाच प्राणी ‘हिममानव’ किंवा ‘यती’ या नावांनी परिचित आहे. यांपैकी ‘यती’ हे नाव संस्कृतातील संन्यासीवाचक ‘यति’ या शब्दाशी केवळ ध्वनिसाम्याने जुळते. शेर्पा भाषेत ‘ये’ म्हणजे खडकाळ जागा आणि ‘तेह’ म्हणजे प्राणी, अशी फोड सामान्यतः केली जाते. हिमालयात तप करणाऱ्या एखाद्या जटाधारी पुरुषाची जी छटा मराठीत या नावाला नकळत चिकटली आहे, तिला मूळ शब्दात कोणताही आधार नाही.

हिममानव अस्तित्वात आहे किंवा नाही, हा प्रश्न प्राणिशास्त्राचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न निराळा आहे. कोणी काय पाहिले, ते कोणाला सांगितले, ऐकणाऱ्याने ते कोणत्या शब्दांत लिहिले आणि पुढे त्या लेखनाचे काय झाले, याचा माग काढणे हे त्याचे काम. प्रस्तुत लेखात हिममानवाच्या शोधाचा या दृष्टीने विचार केला आहे. गिर्यारोहकांचे वृत्तांत, वृत्तपत्रीय लेखन, शासकीय नियम व अलीकडील जनुकीय अभ्यास एकत्र ठेवून पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. या शोधात स्थानिकांची साक्ष सतत मागितली गेली, परंतु ती शोधकाच्या अपेक्षेशी जुळली तेव्हाच ग्राह्य धरली गेली.

नोंदीचा आरंभ

युरोपीय लेखनातील पहिली महत्त्वाची नोंद १८३२ सालची आहे. काठमांडूच्या ब्रिटिश रेसिडेन्सीतील अधिकारी व नामवंत निसर्गअभ्यासक ब्रायन हॉजसन यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात नेपाळच्या सस्तन प्राण्यांविषयी लिहिताना एक प्रसंग नमूद केला. नमुने गोळा करण्यासाठी त्यांनी नेमलेल्या शिकाऱ्यांना उत्तरेकडील डोंगरात उभा चालणारा, लांब काळ्या केसांचा, शेपूट नसलेला एक प्राणी दिसला आणि त्याला राक्षस समजून ते पळून गेले. हॉजसन यांनी या साक्षीवर फारसा विश्वास ठेवला नाही. तो ओरांगउटान असावा, असा त्यांचा तर्क होता. ओरांगउटान हिमालयात आढळत नाही, तेव्हा शिकाऱ्यांचा राक्षस आणि साहेबांचा वानर यांत अधिक काल्पनिक कोण, हे सांगणे कठीण आहे.

पुढे १८८९ मध्ये लष्करी वैद्यक सेवेतील लॉरेन्स वॅडेल यांना ईशान्य सिक्कीममध्ये बर्फात मोठ्या पाऊलखुणा दिसल्या. सोबतच्या लोकांनी त्या केसाळ रानमाणसाच्या असल्याचे सांगितले. वॅडेल यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या हिमालयविषयक ग्रंथात त्या अस्वलाच्या असाव्यात असे मत नोंदविले. तसेच अनेक तिबेटी लोकांकडे चौकशी करूनही हा प्राणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याची विश्वसनीय हकिकत एकाकडूनही मिळाली नाही, असेही त्यांनी लिहिले. एकोणिसाव्या शतकात विषय येथेच थांबला होता. ना मोहिमा निघाल्या, ना वृत्तपत्रांनी दखल घेतली.

एका भाषांतराची कथा

परिस्थिती पालटली ती १९२१ मध्ये. त्या वर्षी कर्नल चार्ल्स हॉवर्ड-बरी यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टची पहिली ब्रिटिश पाहणी मोहीम तिबेटमार्गे गेली. सप्टेंबर महिन्यात ल्हाक्पा ला ही खिंड चढत असताना २०,००० फुटांहून अधिक उंचीवर बर्फात पाऊलखुणा आढळल्या. हॉवर्ड-बरी यांच्या मते त्या राखाडी रंगाच्या मोठ्या लांडग्याच्या होत्या. मऊ बर्फात लांडग्याचे पुढचे-मागचे पाय एकावर एक पडले की अनवाणी माणसाच्या पावलासारखा ठसा उमटतो, असे स्पष्टीकरणही त्यांनी दिले. भारवाहक मात्र ‘मेतोह-कांगमी’ असे म्हणाले. ‘कांगमी’ म्हणजे हिमातला माणूस. ‘मेतोह’ या शब्दाचा अर्थ पुढील अभ्यासकांनी ढोबळमानाने ‘माणूस-अस्वल’ असा लावला आहे.

मोहीम परतल्यावर कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’ या दैनिकाशी संबंधित पत्रकार हेन्री न्यूमन यांनी दार्जिलिंगमध्ये भारवाहकांशी बोलून वार्तांकन केले. ‘मेतोह’ म्हणजे ‘घाणेरडा’ अशी त्यांची समजूत झाली. त्यालाही अधिक उठाव देण्यासाठी त्यांनी ‘ॲबॉमिनेबल’, म्हणजे किळसवाणा किंवा घृणास्पद, हे विशेषण निवडले आणि ‘ॲबॉमिनेबल स्नोमॅन’ जन्माला आला. ज्या शब्दात बहुधा अस्वलाचाच निर्देश होता, त्यातून अस्वल गळाले आणि त्याच्या जागी किळस आली. आपण हे भाषांतर कसे केले, हे न्यूमन यांनी पुढे १९३७ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रात सांगितले, पण तोवर नाव जगभर गेलेले होते.

या घटनेकडे केवळ एक गमतीदार चूक म्हणून पाहता येणार नाही. हॉवर्ड-बरी यांचे लांडग्याचे स्पष्टीकरण नीरस होते. त्यावर वृत्तपत्र चालत नाही. भारवाहकांचा शब्द त्यांच्या भाषेत नेमके काय सांगतो, हे तपासण्याची गरज कोणाला वाटली नाही. साक्षीदार शेर्पा व भोटिया, पण साक्षीचे शब्द पत्रकाराचे, असा हा व्यवहार झाला, आणि पुढील चाळीस वर्षे जगाने ज्या प्राण्याचा शोध घेतला तो या दुसऱ्या शब्दांतील प्राणी होता.

१९२५ मध्ये एन. ए. टोम्बाझी या ग्रीक छायाचित्रकाराने सिक्कीममधील झेमू हिमनदीजवळ सुमारे १५,००० फुटांवर एक उभी आकृती लांबून पाहिल्याचे लिहिले. १९३७ मध्ये गढवालच्या भ्युंदार खोऱ्यात फ्रँक स्माइथ यांना ठसे मिळाले. त्यांनी त्यांची मापे व छायाचित्रे घेतली आणि लंडनच्या प्राणिशास्त्रज्ञांनी ते अस्वलाचे ठरविले. स्माइथ यांच्या लेखावर ‘द टाइम्स’मध्ये वाद रंगला. बिल टिलमन यांनी त्यात थट्टेच्या सुरात हिममानवाची बाजू घेतली आणि पुढे १९३८ च्या एव्हरेस्ट मोहिमेवरील आपल्या पुस्तकाला या विषयाचे एक परिशिष्टच जोडले. न्यूमन यांच्या भाषांतराची हकिकत बहुतेकांना ठाऊक झाली ती या परिशिष्टामुळे. टिलमन गंभीर होते की नाही, याविषयी वाचक अजूनही संभ्रमात पडतो. कदाचित त्यांना तेच हवे असावे.

मेनलुंगचे छायाचित्र

दुसऱ्या महायुद्धानंतर तिबेटचा मार्ग बंद झाला आणि नेपाळने आपल्या सीमा परकीय गिर्यारोहकांना खुल्या केल्या. त्यामुळे एव्हरेस्टच्या दक्षिणेकडील खुंबू हा शेर्पांचा प्रदेश प्रथमच जगाच्या नकाशावर ठळकपणे आला. १९५१ च्या पाहणी मोहिमेवरून परतताना एरिक शिप्टन, मायकेल वॉर्ड व सेन तेन्झिंग यांना ८ नोव्हेंबर रोजी मेनलुंग हिमनदीवर ठशांची एक रांग दिसली. शिप्टन यांनी प्रमाणासाठी बर्फकुऱ्हाड शेजारी ठेवून एका ठशाचे छायाचित्र घेतले. ठसा सुमारे १३ इंच लांब, रुंद आणि अंगठा स्पष्ट दिसणारा होता. सेन तेन्झिंग यांनी तो यतीचाच असल्याचे सांगितले. दोन वर्षांपूर्वी तेंगबोचे मठाजवळ आपण यती पाहिला होता, असेही ते म्हणाले.

हिममानवाच्या इतिहासातील हा सर्वांत प्रभावी पुरावा होय, आणि म्हणूनच तो पुरावा म्हणून कसा सदोष आहे, हे पाहणे उद्बोधक ठरते. छायाचित्र उत्तम आहे. संदर्भ मात्र तुटलेला आहे. त्याच्यासोबत वारंवार छापली गेलेली लांबलचक पाऊलवाट त्या ठशाची नव्हतीच. ती त्याच दिवशी आधी घेतलेल्या, दुसऱ्या कोणत्या तरी प्राण्याच्या ठशांची होती आणि दोन्ही छायाचित्रे एकाच मथळ्याखाली मिसळली गेली. वॉर्ड यांनी ही गोष्ट पुढे स्पष्ट केली. अनवाणी चालणाऱ्या एखाद्या व्यंग असलेल्या पायाच्या माणसाचा तो ठसा असू शकेल, अशी शक्यताही त्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मांडली. शिप्टन यांनी ठसा थोडाफार ‘सुधारला’ असावा, असा संशय त्यांच्याच परिचयातील काही गिर्यारोहकांनी व्यक्त केला. त्याचा निकाल आता लागणे शक्य नाही, कारण अस्सल दस्तऐवज होता बर्फ, आणि तो केव्हाच वितळला.

मोहिमांचे दशक

१९५३ मध्ये एव्हरेस्ट सर झाले. सर्वोच्च शिखराचे आकर्षण संपल्यावर वृत्तपत्रांना हिमालयातील नवे रहस्य हवे होते. लंडनच्या ‘डेली मेल’ने १९५४ च्या आरंभी खास हिममानवाच्या शोधासाठी मोठी मोहीम पाठविली. पत्रकार राल्फ इझार्ड, मानवशास्त्राचे अभ्यासक चार्ल्स स्टोनर, चित्रपटकार टॉम स्टोबार्ट यांच्याबरोबर भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे पक्षितज्ज्ञ डॉ. विश्वमय विश्वास हेही तीत होते. कित्येक आठवडे हिंडूनही प्राणी दिसला नाही. तथापि स्टोनर यांनी गावोगावी बसून शेर्पांच्या हकिकती ऐकल्या आणि त्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. मोहिमेचे टिकाऊ फलित हेच म्हटले पाहिजे.

स्टोनर यांच्यासारख्यांच्या नोंदींतून असे दिसते की शेर्पांच्या बोलण्यात ‘तेह’ एक नव्हता. गुरेढोरे मारणारा तो ‘द्झु-तेह’. हा तपकिरी अस्वलाशी जुळतो, आणि शेर्पाही तसेच सांगत. ‘मेह-तेह’ हा माणसासारखा. त्याशिवाय लहान आकाराचा ‘थेलमा’ निराळा. यांपैकी काही वर्णने गुराख्याच्या अनुभवातली आहेत, तर काही कथेतली. गावकऱ्यांनी यतींसमोर खोटे मद्यपान व लाकडी शस्त्रांची खोटी लढाई केली, मग खरी छांग व खरी शस्त्रे तेथे ठेवून दिली, आणि अनुकरणप्रिय यतींनी एकमेकांना मारून टाकले, ही खुंबूतील प्रसिद्ध कथा ऐकणारा शेर्पा तिचा पुरावा मागत नाही. पांगबोचे मठाचे संस्थापक मानले जाणारे लामा सांगवा दोर्जे गुहेत ध्यानस्थ असताना एक यती त्यांना अन्न, पाणी व सरपण आणून देई, अशीही आख्यायिका आहे. यती मेल्यावर लामांनी त्याच्या डोक्याचे कातडे व हात मठात जतन केला, असे सांगतात. भक्तीच्या जगात या वस्तूंचे स्थान पक्के होते. परदेशी शोधकांनी त्या पाहिल्या त्या मात्र नमुने म्हणून. पांगबोचे येथील कातड्याचे केस प्रा. फ्रेडरिक वुड जोन्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि ते डोक्यावरचे नसून एखाद्या राठ केसांच्या खुरी प्राण्याच्या खांद्यावरचे असावेत, असा निष्कर्ष काढला.

यानंतर टेक्सासचे तेलउद्योजक टॉम स्लिक यांनी १९५७ पासून सलग तीन वर्षे पैसा ओतला. शिकारी कुत्रे आणविले, पीटर बर्न यांच्यासारखे शिकारी नेमले. १९५७ मध्ये या शोधाआडून अमेरिका हेरगिरी करीत असल्याचा आरोप सोव्हिएत बाजूने झाला. पुढच्याच वर्षी सोव्हिएत विज्ञान अकादमीने स्वतःच हिममानवाच्या प्रश्नासाठी समिती नेमून पामीर पर्वतात मोहीम धाडली, तीही रिकाम्या हाती परतली. त्या समितीचे प्रेरक बोरिस पोर्शनेव्ह हे सतराव्या शतकातील फ्रान्समधील लोकउठावांचे मान्यवर इतिहासकार होते. कागदपत्रांच्या चिकित्सेत मुरलेला अभ्यासकही या विषयात किती सहज वाहून जातो, याची नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य घ्यावी.

नेपाळ सरकारने या ओढ्याचा व्यवहारी विचार केला. यतीच्या शोधासाठी ५,००० भारतीय रुपये शुल्क ठरविण्यात आले. प्राण्याचे छायाचित्र घ्यावे किंवा त्याला जिवंत पकडावे, पण स्वसंरक्षणाखेरीज मारू नये, छायाचित्रे व प्राणी सरकारच्या स्वाधीन करावेत आणि वार्ता सरकारच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करू नये, असे नियम झाले. काठमांडूच्या अमेरिकी दूतावासाने ३० नोव्हेंबर १९५९ रोजी ते नियम आपल्या शासनाला कळविले. यावरून अमेरिकेने यतीचे अस्तित्व मान्य केल्याचे अनुमान काही लोकप्रिय लेखनात काढलेले आढळते. ते चुकीचे आहे. दूतावासाने केवळ यजमान देशाचे नियम पुढे पाठविले होते. खरे महत्त्व निराळ्या बाबीचे आहे. १९२१ मध्ये हिममानवाचे नाव कलकत्त्यात ठरले होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्यावर हक्क कोणाचा, हे काठमांडू ठरवू लागले.

नियम होते, तरी मठांचे रक्षण झाले नाही. १९५९ मध्ये बर्न यांनी पांगबोचे येथील हाताचे एक बोट काढून त्याजागी मानवी हाड बसविले. मठाला देणगी देऊन ते मिळविल्याचे त्यांनी पुढे सांगितले. चोरीचे म्हणणारे वृत्तांतही आहेत. ते बोट हॉलीवूडचे नट जेम्स स्टुअर्ट यांच्या सामानातून कलकत्त्याहून लंडनला गेले आणि शरीररचनातज्ज्ञ ऑस्मन हिल यांच्या हाती पडले. लंडनच्या शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजच्या संग्रहात ते अनेक वर्षे पडून होते. २०११ मध्ये त्याची जनुकीय तपासणी झाली आणि ते माणसाचे निघाले. मधल्या काळात, १९९० च्या दशकात, उरलेला हातही मठातून चोरीस गेला होता. विज्ञानाला त्यातून मिळाले ते एका माणसाचे बोट. पांगबोचेने मात्र आपली पूज्य वस्तू कायमची गमावली.

खुमजुंगची टोपी

१९६०-६१ मध्ये एडमंड हिलरी यांनी उंचीवरील शरीरक्रियेच्या अभ्यासासाठी मोठी मोहीम काढली. ‘वर्ल्ड बुक’ या अमेरिकी विश्वकोशाच्या प्रकाशकांनी तिला द्रव्यसाहाय्य केले होते आणि यतीचा शोध हे तिचे एक अंग होते. शिकागोच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक मार्लिन पर्किन्स सोबत होते. या पथकाने पद्धतशीर काम केले. यतीचे म्हणून मिळालेले कातडे तिबेटी अस्वलाचे निघाले. कोल्ह्यासारख्या लहान प्राण्याचे ठसे उन्हाने वितळून एकमेकांत मिसळतात व मोठ्या पावलासारखे दिसू लागतात, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखविले. ‘सेरो’ या शेळीवर्गीय रानटी प्राण्याचे कातडे साच्यावर ताणून त्यांनी मठातल्यासारखी टोकदार टोपीही करून पाहिली, आणि ती हुबेहूब जमली.

खुमजुंगच्या गोम्पातील ‘यतीचे शिर’ तपासणीसाठी परदेशी नेण्याची परवानगी गावाने दिली, ती परतीची मुदत घालून आणि गावचे प्रमुख खुन्जो चुम्बी यांनी सोबत जावे या अटीवर. शिकागो, पॅरिस, लंडन असा प्रवास झाला. बरोबर दुभाषी म्हणून डेस्मंड डॉइग होते. तेही ‘द स्टेट्समन’चे पत्रकार, हा योगायोग लक्षणीय आहे. डॉइग यांना नेपाळी उत्तम येत असे, त्यामुळे या खेपेस चुम्बी यांचे म्हणणे त्यांच्या स्वतःच्या आशयासह पाश्चात्त्य वृत्तपत्रांत पोहोचले. तज्ज्ञांनी कातडे सेरोचे ठरविले. आमच्या देशात जिराफ नाहीत म्हणून आम्हाला त्यांची माहिती नाही, तसेच तुमच्याकडे यती नाहीत, अशा आशयाचे चुम्बी यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. या उत्तराकडे भाबडेपणाचा नमुना म्हणून पाहिले गेले. वस्तुतः पुरावा न दिसणे म्हणजे वस्तू नसणे नव्हे, हा तर्कशास्त्रातील मुद्दाच चुम्बी यांनी विनोदाने मांडला होता.

शिर ठरल्याप्रमाणे गोम्पात परत आले. १९६१ मध्ये खुमजुंगला हिलरी यांच्या साहाय्याने शाळा सुरू झाली. खुंबूतील पुढील शाळा व रुग्णालयांच्या कामाचा तो प्रारंभ होता.

अस्वलाकडे परत

१९६१ नंतर मोठ्या मोहिमा आटल्या, दावे मात्र चालू राहिले. १९८६ मध्ये गढवालात हेमकुंडजवळ एका ब्रिटिश प्रवाशाने घेतलेले ‘यती’चे छायाचित्र पुढच्याच वर्षी बर्फातून डोकावणाऱ्या खडकाचे ठरले. मेघालयातील गारो टेकड्यांत ‘मांदे बारुंग’चे म्हणून मिळालेले केस २००८ मध्ये गोरल या प्राण्याचे निघाले. डॅनियल टेलर या अमेरिकी अभ्यासकाने अरुण खोऱ्यात वर्षानुवर्षे माग काढून ठसे काळ्या अस्वलाचे असल्याचा निर्णय दिला. त्या शोधयात्रेतून निर्माण झालेल्या प्रयत्नांना १९९२ मध्ये स्थापन झालेल्या मकालू-बरुण राष्ट्रीय उद्यानाचे रूप आले. भूतानमधील साक्तेंग अभयारण्याच्या उद्देशांत तर मिगोईच्या अधिवासाचाही समावेश आहे. राइनहोल्ड मेस्नर यांनी १९८६ मध्ये तिबेटमध्ये एक अनोळखी प्राणी पाहिला आणि बारा वर्षांनी, १९९८ मध्ये, त्या अनुभवावरील पुस्तकात तिबेटी लोक ज्याला ‘चेमो’ म्हणतात ते अस्वल हाच यती, असे प्रतिपादन केले. पुष्कळांनी त्यांची थट्टा केली.

थट्टेचे उत्तर प्रयोगशाळेतून आले. २०१४ मध्ये ब्रायन साइक्स यांनी लडाख व भूतानमधील केसांचा संबंध प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जोडला होता. पुढील वर्षी इतर संशोधकांनी ती चूक दाखवून ते केस हिमालयीन तपकिरी अस्वलाचे असल्याचे सांगितले. २०१७ मध्ये शार्लोट लिंडक्विस्ट व सहकाऱ्यांनी यतीचे मानलेले नऊ नमुने तपासले. आठ अस्वलांचे निघाले. मेस्नर यांच्या संग्रहालयातील एक दात कुत्र्याचा होता. या अभ्यासाचे खरे मोल यतीच्या निकालात नाही. हिमालयीन तपकिरी अस्वलाची शाखा सुमारे साडेसहा लाख वर्षांपूर्वी इतर तपकिरी अस्वलांपासून वेगळी झाली असावी, ही माहिती याच नमुन्यांनी पुरविली. हे अस्वल आज अत्यंत संकटग्रस्त मानले जाते. सव्वाशे वर्षांत ज्याच्या ठशांची छायाचित्रे जगभर छापली गेली, त्या प्राण्याकडे प्राणी म्हणून फारच उशिरा लक्ष गेले.

एप्रिल २०१९ मध्ये भारतीय सैन्याच्या एका गिर्यारोहण पथकाला मकालूच्या तळाजवळ ३२ इंच लांब व १५ इंच रुंद ठसे दिसले. ते यतीचे असल्याचे सैन्याच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून २९ एप्रिल रोजी छायाचित्रांसह जाहीर करण्यात आले. नेपाळी सैन्याच्या प्रवक्त्याने त्यावर खुलासा केला : पथकाबरोबर नेपाळी सैन्याचे संपर्काधिकारी होते, आणि त्या भागातील रहिवाशांच्या व भारवाहकांच्या म्हणण्यानुसार ते ठसे तेथे नेहमी दिसणाऱ्या रानटी अस्वलाचे होते.